सरदार, शिलेदार की नाइट?

मध्ययुगीन युरोपच्या इतिहासावरचं एक पुस्तक मराठीत आणणाऱ्या एका अनुवादिकेने तीन वाक्यं पाठवली आहेत. पहिल्यात इंग्लंडचा राजा पहिला विल्यम १०८६ साली आपल्या हेन्री या मुलाला नाइट करतो. दुसऱ्यात १३०२ साली कूर्त्रेच्या लढाईत ‘फ्रान्सची सगळी शिव्हलरी’ कापली जाते. तिसऱ्यात १३५६ साली प्वातियेच्या लढाईनंतर इंग्लंडचा राजपुत्र कैद केलेल्या फ्रेंच राजाशी ‘शिव्हलरी’ने वागतो. कच्च्या खर्ड्यात त्यांनी नाइटला ‘सरदार’ केलं आहे आणि शिव्हलरीला दोन्ही ठिकाणी ‘स्त्रीदाक्षिण्य’. दोन्ही शब्द त्यांना खटकताहेत, म्हणून त्यांनी विचारलं आहे की मग लिहायचं काय.

तुम्हाला ते खटकले हे योग्यच झालं. कोश एका शब्दापुढे ओळीने पाच अर्थ देतो. त्यातला कुठला कुठल्या शतकातला, कुणाच्या तोंडचा, हे तो सांगत नाही. मी गेली सव्वीस वर्षं फ्रेंच आणि इंग्रजीतून इतिहासाची पुस्तकं मराठीत आणतो आहे. या एका शब्दकुळाने मला जेवढं अडवलं तेवढं दुसऱ्या कुठल्याच शब्दांनी नाही, म्हणून सविस्तर लिहितो. घाईत असाल तर एवढंच घ्या: पहिल्या वाक्यात ‘नाइट’ तसाच राहू द्या, दुसऱ्यात शिव्हलरी म्हणजे माणसं आहेत, तिसऱ्यात वागणूक आहे, आणि तिन्ही वाक्यांत स्त्रिया कुठेच नाहीत.

आधी नाइट. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘क्निह्त’ असा काहीसा उच्चारत. आज सुरुवातीचा ‘क’ फक्त लिहितात, पण तो साधारण सतराव्या शतकापर्यंत ऐकू येत होता. अर्थ होता पोरगा. मग हाताखालचा पोरगा, म्हणजे नोकर. मग मोठ्या माणसाच्या वाड्यावर राहून त्याच्यासाठी हत्यार उचलणारा. जर्मनमधला त्याचा सख्खा भाऊ ‘क्नेख्त’ हा शेवटपर्यंत शेतावरचा गडीच राहिला.

आणि ‘गडी’ म्हटल्यावर मराठी माणसाला ही वाट अनोळखी वाटायला नको. घरकामाचा गडी, औताचा गडी, कबड्डीतला गडी आणि ‘गडी मोठा हिमतीचा’ म्हणतो तो गडी, असे चार अर्थ आपल्या एकाच शब्दात सुखाने नांदतात. ‘जवान’चंही तेच. फारसीत तो नुसता तरुण, आपल्याकडे सीमेवरचा शिपाई. इटालियनमध्ये ‘इन्फान्ते’ म्हणजे पोर, त्यावरून पायदळ ते इन्फन्ट्री. अरबीत ‘फता’ म्हणजे तरुण, आणि तरुणाला शोभणाऱ्या मर्दुमकीला आणि दिलदारीला ‘फुतुव्वा’. लढायला पोरंच लागतात, आणि भाषा ते विसरत नाही. जुन्या इंग्रजीत पोरगा-नोकर याच अर्थाचा आणखी एक शब्द होता, ‘क्नाफा’. त्याचा पुढे ‘नेव्ह’ झाला, म्हणजे लुच्चा, आणि पत्त्यांतला तो पोरगा, ज्याला आपण गुलाम म्हणतो. दोन पोरं एकाच ओसरीवरून निघाली. एक घोड्यावर बसलं, दुसरं पत्त्यांच्या कॅटमध्ये गुलाम होऊन राहिलं.

म्हणूनच तुमचं पहिलं वाक्य मला इतकं मोलाचं वाटतं. ही घटना ज्या इंग्रजी वृत्तांतात नोंदली आहे, त्या अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकलमध्ये हेन्रीला ‘क्निह्त’ केलं असं म्हटलेलंच नाही. पेन्टेकॉस्टच्या सणाला वेस्टमिन्स्टरमध्ये राजाने त्याला ‘रीडेरे’ केलं, म्हणजे स्वार केलं, अशी नोंद आहे. नॉर्मन लोक येऊन वीस वर्षं झाली होती. माझ्या मते लिहिणाऱ्या भिक्षूला राजपुत्रासाठी ‘क्निह्त’ हा शब्द हलका वाटला असणार, कारण त्याला अजून चाकरीचा वास होता. शंभर-दीडशे वर्षांत तो वास गेला आणि तोच शब्द राजे मिरवू लागले.

युरोपातल्या इतर भाषांनी चाकरीवरून नव्हे, घोड्यावरून शब्द घेतला. फ्रेंच शव्हालिए, स्पॅनिश काबायेरो, पोर्तुगीज काव्हालेइरू हे सगळे लॅटिन ‘काबाल्लुस’वरून आले. यातही एक खोच आहे. लॅटिनमध्ये उमद्या घोड्याला ‘एक्वुस’ म्हणत. ‘काबाल्लुस’ म्हणजे ओझ्याचं, कामाचं जनावर. आपल्याकडचा फरक लावायचा तर अश्व आणि तट्टू. युरोपातला सगळ्यात मानाचा किताब तट्टावरून निघाला, अश्वावरून नाही. जर्मन ‘रिटर’ आणि साधा स्वार ‘रायटर’ हे एकाच शब्दाचे दोन उच्चार. एकाला मान चिकटला, दुसऱ्याला नाही. दरबारातले मोठमोठे हुद्देही तबेल्यातूनच वर आले. ‘मार्शल’ हा शब्द जुन्या जर्मानिक भाषेतल्या घोडा आणि नोकर या दोन शब्दांचा जोड आहे, म्हणजे आपला मोतद्दार. ‘कॉन्स्टेबल’ म्हणजे मुळात पागेचा अधिकारी. बुद्धिबळात इंग्रजांनी त्या मोहऱ्याला नाइट म्हटलं, आपण त्याला घोडाच म्हणत राहिलो. मला आपला शब्द जास्त प्रामाणिक वाटतो.

आता ‘सरदार’ का नको ते सांगतो. सरदार हा हाताखालच्या माणसांवरून ठरतो: एवढी फौज, एवढा सरंजाम, एवढा मुलूख. नाइट हा त्याच्यावर झालेल्या एका संस्कारावरून ठरतो. विल्यम मार्शल नावाचा माणूस घ्या, बाराव्या शतकातला. धाकटा मुलगा, वाट्याला जमीन शून्य. तो नाइट झाला तेव्हा त्याच्याजवळ धड घोडाही उरला नव्हता. पुढे बरीच वर्षं तो उत्तर फ्रान्समधल्या टूर्नामेंटा लढत फिरला. त्या काळची टूर्नामेंट म्हणजे दोन स्वारांनी कठड्याच्या दोन बाजूंनी येऊन भाले मोडणं नव्हे. कोसभर मोकळ्या रानात दोन टोळ्यांनी एकमेकांवर तुटून पडायचं, शत्रूला जिवंत धरायचं आणि त्याचा घोडा, चिलखत आणि खंडणी वसूल करायची. त्यावर तो जगला. म्हातारपणी त्याने आपण पाचशे नाइट धरले होते असं सांगितलं. १२१६ साली इंग्लंडचा राजा नऊ वर्षांचा पोर होता तेव्हा राज्याचा कारभार याच म्हाताऱ्याच्या हाती आला, आणि १२१९ मध्ये तो मेला तेव्हा लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये त्याला पुरलं. घोडा नव्हता तेव्हाही तो नाइट होता, राज्य चालवत होता तेव्हाही नाइटच. मराठीत त्याला आयुष्याच्या शेवटी सरदार म्हणता येईल, सुरुवातीला मुळीच नाही.

‘शिलेदार’ बराच जवळ येतो. स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार; सरकारी पागेतला घोडा घेऊन लढतो तो बारगीर. हा भेद युरोपातही होता: स्वतःच्या जमिनीवर पोसलेला नाइट आणि धन्याच्या वाड्यात जेवणारा, धन्याने दिलेल्या घोड्यावर बसणारा नाइट. प्रस्तावनेत एकदा ही तुलना अवश्य द्या, वाचकाला लगेच उमजेल. पण शिलेदाराला दीक्षा नव्हती, शपथेचं बंधन नव्हतं, आणि युरोपातला राजा ज्या अर्थाने स्वतःला नाइट म्हणवून घेई त्या अर्थाने आपल्याकडे कुठला राजा शिलेदार नव्हता. शिवाय पानोपानी शिलेदार वाचला की डोळ्यांपुढे सह्याद्री उभा राहतो, नॉर्मंडी नाही. ‘क्षत्रिय’ तर अजिबात नको; तो जन्माने ठरतो, आणि नाइट हा जन्मतः कुणीच नसतो. राजाचा मुलगासुद्धा.

त्या दीक्षेबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण अर्थ तिथेच साठला आहे. इंग्रजीत नाइट ‘करण्या’ला जो शब्द आहे, ‘डब’, तो फ्रेंच ‘अदूबे’वरून आला, म्हणजे हत्यारांनी सजवणं, जय्यत करणं. (बुद्धिबळात मोहरा नुसता नीट ठेवण्यासाठी हात लावण्याआधी खेळाडू ‘जादूब’ म्हणतात, तो हाच शब्द.) सुरुवातीला समारंभ एवढाच होता: तलवार कमरेला बांधायची, आणि मानेवर किंवा खांद्यावर हाताने एक सणसणीत फटका. त्यात धर्म हळूहळू शिरला. तेराव्या शतकातल्या एका फ्रेंच कवितेत तो पुरा शिरलेला दिसतो. त्यात तिबेरियासचा ह्यू नावाचा ख्रिस्ती सरदार सलाहुद्दीनच्या कैदेत आहे (हा मात्र खरोखरच सरदार, मुलूख राखून असलेला), आणि सुलतान त्याला म्हणतो, तुमच्यात नाइट कसा करतात ते मला करून दाखव. ह्यू आधी नकार देतो, मग नाइलाजाने एकेक पायरी करून दाखवतो. स्नान, पाप धुण्यासाठी. मऊ बिछाना, स्वर्गातल्या विसाव्याची आठवण. अंगावर पांढरं वस्त्र, वर लाल झगा, धर्मासाठी सांडायच्या रक्ताचा. पायांत काळे मोजे, शेवटी मातीत जायचं आहे म्हणून. पांढरा कमरपट्टा संयमाचा, सोनेरी टाचा (म्हणजे घोड्याला डिवचायचे काटे) तत्पर आज्ञापालनाच्या, आणि दुधारी तलवार, एक धार न्यायाची, एक निष्ठेची. मग शेवटचा फटका राहतो. तो ह्यू मारत नाही. मी तुमचा कैदी, तुमच्यावर हात कसा उचलू, असं म्हणतो.

स्नान, शुभ्र वस्त्र, कमरेला पट्टा हे वाचताना आपल्याला मुंज आठवते, मेखला आठवते. माझ्या पहिल्या एका अनुवादात मी मोहाने ‘उपनयन’ हा शब्द वापरला होता आणि नंतर काढला. त्या शब्दाबरोबर वेद, वर्ण, भिक्षा असं सगळं गाठोडं येतं. आता मी ‘नाइटची दीक्षा’ लिहितो. ‘दीक्षा’ शब्दात संस्कार येतो, बंधन येतं, आणि ती कुणीतरी द्यावी लागते हेही येतं. एक नाइटच दुसऱ्याला नाइट करू शकत असे, म्हणून ते महत्त्वाचं. नाइटांच्या ‘ऑर्डर’चंही भाषांतर करताना हे ध्यानात ठेवा. टेम्पलर किंवा हॉस्पिटलर यांची ऑर्डर म्हणजे व्रतस्थ पंथ; १३४८ च्या सुमारास इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने काढलेली गार्टरची ऑर्डर म्हणजे राजाभोवतीचं मानकऱ्यांचं मंडळ. दोन्हीकडे एकच मराठी शब्द चालणार नाही.

दीक्षा कुणाला मिळे हेही एकसारखं राहिलं नाही. जर्मन मुलखात कित्येक नाइट कायद्याने अस्वतंत्र होते, म्हणजे धन्याच्या परवानगीशिवाय लग्नही करू शकत नसत, आणि तरी किल्ले राखत. दुसरीकडे सिसिलीच्या दुसऱ्या रॉजरने ११४० मध्ये नियम केला की ज्याच्या घराण्यात नाइट झालेला नाही त्याने नाइट व्हायचं नाही. आणि इंग्लंडमध्ये उलटंच. घोडा, चिलखत, समारंभ, शिवाय ज्युरीत आणि सरकारी कामांत खेटे, हा सगळा खर्च आणि त्रास नको म्हणून ऐपतदार लोक नाइट व्हायचं टाळू लागले. राजाने १२२४ पासून सक्ती सुरू केली; १२७८ मध्ये पहिल्या एडवर्डने वर्षाला २० पौंड उत्पन्नाच्या जमिनीची मर्यादा घातली, की एवढं असेल तर नाइट व्हा, नाहीतर दंड भरा. पुढे १६३० मध्ये पहिल्या चार्ल्सने ही जुनी सक्ती निव्वळ दंडाच्या पैशांसाठी उकरून काढली आणि पार्लमेंटने ती १६४१ मध्ये कायमची पुरली. तुमच्या पुस्तकात ‘त्याच्यावर नाइट होण्याची सक्ती झाली’ असं वाक्य आलं तर ते चुकीचं समजून दुरुस्त करू नका.

मुंबई-पुण्याला नाइट ठाऊक झाला तो ‘सर’मुळे. ‘सर’ हा ‘सेनिओर’, म्हणजे वडीलधारा, या लॅटिन शब्दावरून घासत आला, आणि तो नेहमी पाळण्यातल्या नावाआधी लागतो, आडनावाआधी नाही. सर जमशेटजी बरोबर, सर जीजीभॉय चूक. जमशेटजी जीजीभॉय १८४२ मध्ये नाइट झाले, तो मान मिळालेले पहिले भारतीय; १८५७ मध्ये त्यांना बॅरोनेट केलं. नाइटचं ‘सर’ त्या माणसाबरोबर संपतं, बॅरोनेटचं मुलाकडे जातं; मराठी लेखनात या दोघांची फार सरमिसळ होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर सर झाले ते १९११ मध्ये. रवींद्रनाथांनी १९१५ मध्ये मिळालेलं नाइटहुड जालियनवाला बागेनंतर १९१९ मध्ये परत केलं, तेव्हा त्यांनी एक बिरुद सोडलं एवढंच नव्हे, राजाशी जोडलेलं एक नातं तोडलं. दीक्षेचा अर्थ माहीत असला की त्या कृतीचं वजन नीट कळतं. आपल्या राज्यघटनेच्या १८ व्या अनुच्छेदाने किताब बंद झाले. गोव्याच्या वाचकासाठी एक ओळ: ‘फिदाल्गो’ म्हणजे नाइट नव्हे. ‘फिल्यु द आल्गु’, कुणातरी मोठ्याचा मुलगा. तो जन्माने असतो. काव्हालेइरू व्हावं लागतं. गोव्याला आलेल्या जहाजांच्या शिडांवर जो क्रूस असे तो १३१९ मध्ये पोर्तुगालात स्थापन झालेल्या ख्रिस्ताच्या ऑर्डरचा, आणि तिला मालमत्ता मिळाली होती बरखास्त झालेल्या टेम्पलरांची.

दुसरं वाक्य. ‘फ्रान्सची सगळी शिव्हलरी कापली गेली.’ इथे शिव्हलरी हा गुण नाही. फ्रेंच ‘शव्हालरी’चा पहिला अर्थ म्हणजे शव्हालिए लोकांचा समुदाय, घोड्यावरचे सगळे, आपण ‘पागा निघाली’ म्हणतो तेव्हा घोडे आणि माणसं दोन्ही येतात तसं. हाच शब्द पुढे इटलीमार्गे इंग्रजीत दुसऱ्यांदा आला आणि ‘कॅव्हलरी’ झाला, घोडदळ. पहिल्यांदा आलेला मात्र वर्तणुकीकडे सरकत गेला. तुमच्या वाक्यात तो अजून सरकलेला नाही.

आणि ती लढाई अशी आहे की तिथे शब्द चुकला तर अख्खं प्रकरण चुकतं. ११ जुलै १३०२. कूर्त्रे, म्हणजे आजच्या बेल्जियममधलं कोर्ट्रेक. समोर फ्लँडर्सचे विणकर, खाटीक, सुतार, शहरी संघांचे कारागीर, जवळजवळ सगळे पायी. हातात लांब भाले आणि लोखंडी टोक बसवलेले जाड सोटे. जागा ओढ्यांनी आणि चरांनी चिरलेली, पाणथळ. घोडे तिथे अडखळले आणि भाल्यांच्या भिंतीवर आदळून पडले. त्यापुढे जे झालं त्याने युरोपभर हादरा बसला: कारागिरांनी कैदी धरलेच नाहीत. नाइट नाइटशी लढे तेव्हा हरलेल्याने हातमोजा द्यायचा, जिंकलेल्याने त्याला जिवंत ठेवून खंडणी घ्यायची, ही रीत होती. विणकराला त्या रिवाजात जागाच नव्हती. नाइटच्या हाती तो लागता तर त्याला कुणी खंडणीसाठी राखलं नसतं, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. फ्रेंच सेनापती आर्त्वाचा रोबेर तिथेच मारला गेला. मेलेल्यांच्या पायांतल्या सोनेरी टाचांच्या पाचशेएक जोड्या गोळा करून गावच्या चर्चमध्ये टांगल्या. तीच ती दीक्षेतली सोनेरी टाच. १३८२ मध्ये फ्रेंच फौज परत आली, टाचा काढून नेल्या आणि गाव जाळलं.

इथे मी लिहीन: ‘फ्रान्सचे निवडक नाइट झाडून सारे त्या दिवशी पडले.’ काव्यमय हवं असेल तर ‘फ्रान्सची सगळी उमदी स्वारी’. ‘शौर्य’ लिहू नका, शौर्य कापलं जात नाही. आणि स्त्रीदाक्षिण्य तर नाहीच.

आता तिसरं, सगळ्यात अवघड. इथे शिव्हलरी खरोखर वागणुकीचं नाव आहे. पण कुठल्या? मध्ययुगीन लेखक नाइटचे गुण मोजतात तेव्हा तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात: प्रूएस, म्हणजे मर्दुमकी, आणि ती नेहमी पहिली; ल्वायोते, धन्याशी इमान; लार्जेस, हात सैल सोडून देणं; कुर्त्वाझी, दरबारी अदब; आणि फ्रांशीझ, कुणापुढे न दबणारा मोकळा बाणा. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याने आपल्या नाइटबद्दल चार शब्द घातले आहेत आणि त्यातला एक ‘फ्रीडम’ आहे. मी तरुणपणी तिथे ‘स्वातंत्र्य’ लिहिलं आणि ते तसंच छापलं गेलं. एका निवृत्त प्राध्यापकांनी पत्र लिहून दाखवून दिलं की त्या काळात तो शब्द दिलदारीचा आहे, जो गुलाम नाही त्याला परवडणाऱ्या मोठ्या मनाचा. ‘ट्रूथ’ही तिथे सत्य नाही, दिलेला शब्द आहे. ते पत्र मी जपून ठेवलं आहे. ‘व्हिलन’चंही असंच. आज खलनायक, तेव्हा नुसता खेड्यातला माणूस. गाव म्हणजे असंस्कृत, दरबार म्हणजे सुसंस्कृत, हा निवाडा शब्दांतच भरला होता, जसा आपल्या ‘गावंढळ’ आणि ‘ग्राम्य’मध्ये भरला आहे. अशा शब्दांना आजचा अर्थ चिकटवला की त्या काळची तक्रारही दिसेनाशी होते आणि त्या काळचा अहंकारही.

मग स्त्रीदाक्षिण्य आलं कुठून? दाक्षिण्य हा शब्द फार देखणा आहे. संस्कृत काव्यशास्त्रातले चार नायक आठवा: अनुकूल, दक्षिण, शठ, धृष्ट. मन दुसरीकडे गुंतलं तरी पहिलीशी सौजन्य न सोडणारा तो दक्षिण. म्हणजे शब्द प्रेमिकाच्या रीतीचा आहे. युरोपात या रीतीचा उगम बाराव्या शतकात दक्षिण फ्रान्सच्या कवींकडे सापडतो, आणि त्यांनी भाषा उसनी घेतली ती रणांगणावरची. प्रेयसीला ते ‘मिदोन्स’ म्हणत, शब्दशः ‘माझा धनी’, पुल्लिंगी. धन्यापुढे गुडघा टेकून, आपले जोडलेले हात त्याच्या हातांत देऊन चाकर जशी निष्ठा वाही, तशी ते बाईपुढे वाहत. तो शिव्हलरीचा एक कोपरा होता. तो अख्खं घर झाला फार नंतर. १७९० मध्ये ब्रिटिश राजकारणी आणि लेखक एडमंड बर्कने फ्रान्सच्या राणीच्या विटंबनेवर लिहिताना शिव्हलरीचं युग सरलं असा शोक केला. १८३९ मध्ये स्कॉटलंडमध्ये एग्लिंटन इथे हौशी उमरावांनी जुन्या थाटाची टूर्नामेंट भरवली आणि ती धो धो पावसात वाहून गेली. आपले इंग्रजी-मराठी कोश घडू लागले ते याच शतकात. माझा तर्क असा की तेव्हाचा रंग त्यांत उतरला आणि आपण तोच मूळ रंग समजलो. विसाव्या शतकातल्या एखाद्या साहेबाने बाईसाठी दार उघडून धरलं तर तिथे स्त्रीदाक्षिण्य खुशाल लिहा.

प्वातियेला काय झालं? १९ सप्टेंबर १३५६ ला फ्रान्सचा राजा दुसरा जाँ लढता लढता कैद झाला. त्या रात्री जेवणाच्या वेळी इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड त्याच्याबरोबर पंगतीला बसला नाही. उभा राहून त्याने स्वतः वाढलं, अशी हकिकत फ्र्वासार या वृत्तांतकाराने नोंदली आहे. पुढे १३६० च्या तहात खंडणी ठरली ३० लाख सोन्याची नाणी. ओलीस ठेवलेला राजाचा मुलगा लुई पळाला, तेव्हा राजा आपण होऊन इंग्लंडला परतला आणि १३६४ मध्ये कैदेतच लंडनला वारला. दिलेला शब्द पाळणं म्हणजे काय, ते या माणसाच्या कहाणीत दिसतं. मी हे दर वेळी वाचताना थांबतो.

पण हाच राजपुत्र आदल्या वर्षी, १३५५ च्या ऑक्टोबरात, बोर्दोहून निघून पार नार्बोनपर्यंत गावं जाळत गेला होता. कार्कासोनचा तटाखालचा गाव पेटवून दिला. त्याच्या एका कारभाऱ्याने घरी पाठवलेल्या पत्रात समाधानाने हिशेब मांडला आहे की जाळलेल्या मुलखातून फ्रेंच राजाला लढाईसाठी केवढा पैसा मिळत होता. या मोहिमेला फ्रेंचमध्ये ‘शव्होशे’ म्हणतात. तोच घोडा, तोच धातू, शव्हालरीचीच सख्खी बहीण. तिला मराठीत अगदी नेमका शब्द आहे, मुलूखगिरी. अन्न वाढणारा हात आणि कोलीत धरणारा हात एकाच माणसाचे होते, आणि त्याच्या काळच्या फार थोड्या लोकांना त्यात विसंगती दिसली, कारण वाढलं होतं ते बरोबरीच्या माणसाला. दिसली ती काही धर्मगुरूंना. क्लेर्व्होच्या बर्नार्डने दोनशे वर्षं आधीच लॅटिनमध्ये शब्दांशी खेळून म्हटलं होतं की या लोकांची ‘मिलित्सिया’ नाही, ‘मालित्सिया’ आहे. क्षात्रवृत्ती नाही, दुष्टवृत्ती आहे.

तेव्हा तुमच्या तिसऱ्या वाक्यात मी लिहीन: ‘राजपुत्राने कैदी राजाचा नाइटला साजेसा मान राखला.’ ‘नाइटला साजेसा’ यात तो मान कुणी कुणाला दिला हे राहतं. ‘माणुसकीने वागला’ किंवा ‘उदारपणे वागला’ लिहिलंत तर ती जातभाईपणाची खूण पुसली जाईल. आणि १३५५ ची मोहीम आधीच्या प्रकरणात आली असेल तर तिथे ‘स्वारी’ हा गुळगुळीत शब्द न घालता ‘मुलूखगिरी’च घाला, आणि शक्य असेल तर राजपुत्राचं नाव दोन्ही ठिकाणी सारखंच लिहा, मूळ लेखक एकदा एडवर्ड आणि एकदा ब्लॅक प्रिन्स म्हणत असला तरी. जेवण वाढणारा तो आणि कार्कासोन जाळणारा तो एकच आहे, हे मराठी वाचकाला सूची न चाळता कळलं पाहिजे.